आयरिश सेटरचं पिल्लू: यॉर्कशायरच्या ब्रीडरबाईंकडचा अनुभव

पिल्लू दाखवण्याआधी बाईंनी आमचीच उलटतपासणी घेतली. दिवसभर घरी कोण, कुंपण किती उंच, रोज दोन तास पळवाल का? स्थळ बघायला आलेले पाहुणे परवडले! पण मला ते आवडलं. आई समोरच पिल्लांना चाटत बसली होती. इंग्लंडमध्ये २०२० च्या लूसीज लॉपासून दलालामार्फत पिल्लं विकायला बंदी आहे, तरी आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नकाच.

क्लॅड हा प्रतिकारशक्तीचा आनुवंशिक आजार आणि हळूहळू आंधळं करणारा डोळ्यांचा पीआरए, दोन्हींच्या डीएनए चाचण्या आणि खुब्यांच्या सांध्यांच्या तपासणीचे स्कोअर न मागता हातात दिले. वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या पण स्वतः आजारी नसलेल्या कुत्र्याची जोडी निर्दोष कुत्र्याशी लावली तर पिल्लू आजारी निघत नाही, हे बाईंनी चौकटी काढून समजावलं. सगळे वाहक एकदम बाद केले तर जातीतलं वैविध्यच आटतं, म्हणाल्या. कुत्रा सांभाळणं जमलं नाही, तर परत त्यांच्याकडेच द्यायचा, असं करारात लिहिलंय.

तक्रार एकच: फोन उचलत नाहीत, आणि पिल्लासाठी आमचा नंबर लागायला वर्ष गेलं. घासाघीस करायला तर जाऊच नका.