बॉयलर बंद पडला आणि आम्ही ७२० पाउंडांना गंडलो (यूकेत नवीन घर घेतलेल्यांनी थंडीआधी वाचा)

आधीच सांगते, यात माझा स्वतःचा बावळटपणा भरपूर आहे. तो लपवून लिहिलं तर वाचणाऱ्याला काही उपयोग नाही, म्हणून सगळं जसं झालं तसं लिहितेय.

डिसेंबर २०२२. आम्ही उन्हाळ्यातच लंडनमधल्या इलफर्डला घर घेतलेलं, त्याआधी सगळी वर्षं भाड्याच्या घरात, तिथे बॉयलरला (घर तापवणारं आणि नळाला गरम पाणी देणारं गॅसचं यंत्र) काही झालं की एजंटला मेल टाकायचा की आपलं काम संपलं. इथे आता आपणच मालक. कराडहून आई-बाबा पहिल्यांदाच आलेले आणि नवरा ऑफिसच्या कामाने बंगळूरला. ११ तारखेला रविवारी रात्री लंडनमध्ये मस्त बर्फ पडला, आई-बाबांनी बाल्कनीतून व्हिडिओ काढून अख्ख्या कराडला पाठवले, आणि सोमवारी सकाळी उठलो तर घर गार. रेडिएटर गार, नळाला गरम पाणी नाही, किचनमधल्या बॉयलरच्या स्क्रीनवर एफ २८. मॅन्युअल काढून बघितलं तर अर्थ इतकाच की बर्नर पेटत नाहीये. त्याच्या आधी पहाटे बॉयलरमधून गुडगुड गुडगुड असा आवाज येत होता, हुक्का ओढल्यासारखा. आईने विचारलं पण होतं की हे पोट कुणाचं वाजतंय. तो आवाज लक्षात ठेवा, पुढे येतोय.

बाबा ७४ वर्षांचे, आईला संधिवात. मी घाबरले. मोबाईलवर सर्च केलं, सगळ्यात वर जे आलं त्याला फोन लावला. ती जाहिरात होती हे मी बघितलंच नाही. नावात 'लोकल' होतं, फोन उचलणारी बाई गोड बोलत होती, म्हणाली एका तासात माणूस पाठवते, कॉलआऊट, म्हणजे घरी येण्याचे, ९५ पाउंड आणि त्यात पहिला तास. मी विचारलं नाही की पुढच्या तासाचं काय, व्हॅट धरून की सोडून, आणि मुख्य म्हणजे येणाऱ्या माणसाचा गॅस सेफचा (गॅसचं काम करणाऱ्यांचं इथलं अधिकृत रजिस्टर) नंबर काय.

माणूस आला. पांढरी व्हॅन, तिच्यावर काही नाव नाही. पण वागायला इतका सभ्य की बूट काढून आत आला, आईला बघून हात जोडले. बॉयलरचं कव्हर काढून टॉर्च मारली, दहा मिनिटं खुडबुड केली आणि मान हलवत म्हणाला, पीसीबी गेलाय. म्हणजे बॉयलरचा मेन इलेक्ट्रॉनिक बोर्ड. ३४० पाउंड, व्हॅट वेगळा, पार्ट ट्रेड काउंटरवरून, म्हणजे कारागिरांना माल विकणाऱ्या दुकानातून, आणावा लागेल आणि तिथे आधी पैसे भरावे लागतात म्हणून ४०८ आत्ताच बँक ट्रान्सफर करा. बाहेर उणे तापमान, आई दोन शाली गुंडाळून बसलेली, नवरा फोन उचलत नाही. केले मी ट्रान्सफर.

बाबा महावितरणमधून रिटायर झालेले, सगळी नोकरी लाईनवर आणि डीपीवर गेली. ते सोफ्यावरून हळूच म्हणाले, "अगं, जुना बोर्ड मागून घे त्याच्याकडनं. पार्ट बदलला की जुना पार्ट आपला." आणि मी काय म्हणावं? "बाबा, इथे असं नसतं मागत, बरं दिसत नाही." गावाकडे साध्या मिक्सरची मोटर बदलली तरी आपण जुनी मोटर पिशवीत घालून घरी आणतो, आणि इथे चारशे पाउंडांचा पार्ट बदलताना मला लाज वाटली. का, तर समोरचा माणूस गोरा, इंग्रजी बोलतोय आणि छापील बिल देतोय.

तो तासाभराने आला, हातात एक खोका. किचनचं दार लावून घेतलं, म्हणाला सेफ्टी आहे. थोड्या वेळाने बॉयलर भुर्रर करून पेटला. आईने तर त्याला चहा आणि तिळाची वडी दिली. वरचे तीन अर्धे तास १६५ लावले, त्यात पार्ट आणायला गेलेला वेळही धरलेला, म्हणजे कॉलआऊटसकट व्हॅट धरून ३१२, ते मशीनवर डेबिट कार्डने भरले. एकूण ७२०. जाताना वर्षाचा कव्हर प्लॅन गळ्यात मारायला बघत होता, डायरेक्ट डेबिटचा फॉर्म पुढे केला, तेवढा मात्र नवऱ्याला विचारून सांगते म्हणून टाळला.

गुरुवारी सकाळी परत एफ २८. परत गुडगुड.

त्या नंबरवर सहा फोन केले, पहिल्यांदा उचलला, मग कट, मग नुसती रिंग. शेजारी पंजाबी अंकल राहतात, चाळीस वर्षं इथे आहेत, मी रडकुंडीला येऊन बाहेर उभी होते ते त्यांनी बघितलं. घराच्या बाजूच्या बोळात येऊन त्यांनी भिंतीतून निघणारी एक पांढरी प्लॅस्टिकची बारीक नळी दाखवली, मी सहा महिन्यांत तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. म्हणाले, "बेटा, इतकी थंडी पडली की पहिले ही बघायची, मग फोन."

ती कंडेन्सेट पाइप. आताचे बॉयलर जळलेल्या गॅसच्या धुरातली उष्णतापण वापरतात, त्यात धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि ते या नळीतून बाहेर गटारात जातं. नळी भिंतीबाहेर असेल, बारीक असेल, वर काही गुंडाळलेलं नसेल तर कडाक्याच्या थंडीत आत बर्फाचा बोळा बसतो, पाणी मागे बॉयलरमध्ये तुंबतं, तीच ती गुडगुड, आणि बॉयलर स्वतःच बंद होतो. कुठला पार्ट गेलेला नसतो. अंकलनी सांगितलं कोमट पाणी ओत, उकळतं नको, नळी तडकते. मी केटलमध्ये पाणी तापवून त्यात नळाचं गार पाणी मिसळून झारीने ओतलं, आणि आईची कंबर शेकायची रबरी पिशवी नळीच्या वळणावर ओढणीने बांधून ठेवली. वीस मिनिटांनी आत काहीतरी सटकल्याचा आवाज आला, खाली गटारात बर्फाचे तुकडे आणि पाणी पडलं. रिसेट दाबलं. चालू.

खर्च शून्य.

तेवढ्यात आई खिडकीतून म्हणते, "त्या दिवशी तोपण हेच करत होता की. आपलीच झारी घेऊन. मला वाटलं हात धुतोय." मग माझी ट्यूब पेटली. मंगळवारी बाबा कचरा टाकायला गेले तेव्हा त्याच नळीखाली पातळ बर्फावरून घसरता घसरता वाचले होते, बाकी बोळ कोरडा होता आणि तिथेच तेवढा आरसा झालेला. आम्हाला वाटलं नळ गळतोय.

मग मात्र गॅस सेफ रजिस्टरच्या साइटवर जाऊन आमच्या भागातला इंजिनिअर शोधला. त्याने दारातच कार्ड दाखवलं, न मागता. मी त्याला म्हटलं बोर्ड नवीन आहे का एवढंच बघून सांग. त्याने कव्हर उघडलं आणि मला जवळ बोलावलं. बोर्डवर कारखान्याचा स्टिकर, त्यावर २०१६. स्क्रूच्या खाचांत धूळ घट्ट बसलेली आणि कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, बोर्डपासून केसिंगपर्यंत, अखंड. कुणी तो बोर्ड हलवलापण नव्हता. तो हसला नाही हे त्याचे उपकार. आमची नळी २१.५ एमएमची होती, भिंतीला दोन मीटर आडवी धावणारी. त्याने बाहेरचा भाग ३२ एमएमचा केला, उतार नीट दिला, वर वॉटरप्रूफ लॅगिंग, म्हणजे थंडी अडवणारं आवरण, घातलं, सगळं मिळून १८० घेतले. वर सांगून गेला की फारच गारठा असेल त्या रात्री हीटिंग पूर्ण बंद करू नका, कमीवर चालू ठेवा. आणि प्रेशरचा काटा गार असताना १ ते १.५ बारच्या मध्ये हवा, खाली गेला तर फिलिंग लूपने (बॉयलरमध्ये पाणी भरायची जोडनळी) कसं भरायचं तेही दाखवलं. (हे खरं तर घर घेतानाच कुणीतरी शिकवायला पाहिजे, चाव्यांबरोबर.)

आता पैशाचं. डेबिट कार्डने दिलेल्या ३१२ साठी बँकेत चार्जबॅक टाकला, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागितले, फोटो आणि या इंजिनिअरचं लेखी जोडलं, समोरून काही उत्तरच आलं नाही म्हणून दीड महिन्याने ते परत मिळाले. ट्रान्सफर केलेले ४०८ गेले ते गेलेच. बँक म्हणाली माणूस आला होता, काम केल्याचं बिल आहे, हा तुमचा आणि काम करणाऱ्याचा वाद, फ्रॉड नाही. तेच क्रेडिट कार्डने भरले असते तर १०० पाउंडांच्या वरच्या खरेदीला इथल्या ग्राहक कर्ज कायद्याच्या सेक्शन ७५ खाली कार्डवाल्यांकडेच दावा करता आला असता. म्हणून कुणी दारात उभं राहून बँक ट्रान्सफरच पाहिजे म्हणालं की समजून जा. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसला (लोकांना फुकट सल्ला देणारी संस्था) फोन करून तक्रार नोंदवली, ते ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी खात्याकडे पाठवतात, पुढे काय झालं ते मला कळवलेलं नाही.

गॅस सेफचं कार्ड मागताना लाजू नका. कायद्याने गॅसचं काम रजिस्टरवरच्या माणसालाच करता येतं. कार्डावर फोटो, लायसन्स नंबर आणि मुदत असते, पण उलटून मागची बाजूपण बघा, तो माणूस नक्की कुठली कामं करू शकतो ते तिथे लिहिलेलं असतं. नंबर त्यांच्या साइटवर टाकून मगच आत घ्या. भाड्याने राहत असाल तर यातलं काहीच करू नका, घरमालकाला कळवा, बॉयलर चालू ठेवणं त्याची जबाबदारी आहे. आणि गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर नळी वगैरे बघत बसू नका, घराबाहेर पडून ०८०० १११ ९९९ लावा.

बाबांनी मला एकदाही "मी म्हटलं होतं" ऐकवलं नाही, आणि तेच जास्त लागतं. फक्त जाताना एअरपोर्टवर म्हणाले, झारी किचनच्या दाराजवळच ठेव.

परवा सहज तेच शब्द टाकून सर्च केलं. सगळ्यात वर जाहिरात, नाव वेगळं, लोगो नवीन, खाली फोन नंबर तोच.