खाली सही असलेली शिफारस

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात पुस्तकांचे दुकान शोधावे लागत नाही. दुकान टाळून चालणेच तेथे अवघड असते. जूनमध्ये शालेय पुस्तके आणि वह्या घेणाऱ्यांच्या गर्दीमुळे त्या रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते आणि एरवी स्पर्धा परीक्षांच्या गाईडांचे ढीग पार पदपथापर्यंत आलेले असतात. या गजबजाटापासून चालत पाच-सात मिनिटांवर, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर जे ग्रंथदालन आहे, त्याच्याविषयी हा अभिप्राय आहे. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही करायची आहे. जे त्या बाजूला जातात ते वर्णनावरून ओळखतीलच. गेली दोन वर्षे मी तेथे महिन्यातून एकदा तरी जातो, ते प्रामुख्याने फळ्यांना लावलेल्या चिठ्ठ्या वाचण्यासाठी.

पोस्टकार्डाच्या आकाराचे पिवळसर कार्ड, त्यावर निळ्या शाईने लिहिलेल्या चार-पाच ओळी आणि खाली लिहिणाऱ्याचे आद्याक्षर, एवढेच या चिठ्ठीचे स्वरूप असते. दुकानात सहा माणसे काम करतात आणि प्रत्येकाला एका वेळी पाचच चिठ्ठ्या लावता येतात; सहावे पुस्तक सुचवायचे झाले तर आधीच्या पाचांपैकी एक उतरवावी लागते. पुस्तक स्वतः शेवटपर्यंत वाचलेले असले पाहिजे, मलपृष्ठावरचा मजकूर चिठ्ठीत उतरवायचा नाही आणि शेवटच्या ओळीत हे पुस्तक कोणी घेऊ नये ते सांगायचे, असे तीन नियम गल्ल्यावर बसणाऱ्या काकांनी मला सांगितले. त्यांतला तिसरा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे प्रस्तावनेपासून प्रकाशन समारंभातल्या भाषणांपर्यंत प्रत्येक पुस्तक ‘संग्रही असावे असे’ ठरत असल्यामुळे वाचकाने या शब्दांवर विश्वास ठेवणे केव्हाच सोडून दिले आहे. अशा वेळी विकणारा माणूसच जर ‘ज्यांना शेवटी सगळे उलगडून हवे असते त्यांनी घेऊ नये’ असे लिहून देत असेल, तर त्याच्या उरलेल्या चार ओळी खऱ्या वाटू लागतात.

गेल्या वर्षी मी भाच्याच्या वाढदिवसासाठी पुस्तक घ्यायला गेलो होतो. भाचा स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला, शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी वाचता येते पण वाचत नाही, अशी घरोघरी आढळणारी स्थिती. ‘तरुणांना आवडेल असे काही द्या,’ असे मी काकांना म्हणालो. काकांनी फळीकडे वळूनही पाहिले नाही. ‘त्यानं शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं?’ असे त्यांनी विचारले आणि मला ते सांगता येईना. मग सुटीत तो काय करतो, असा पुढचा प्रश्न आला. तो मित्रांबरोबर मोटारसायकलवरून लेहला जाऊन आला होता आणि घरी येईल त्याला तिकडच्या रस्त्यांचे फोटो दाखवत होता, एवढे मी सांगितले. त्यावर काका उठले आणि प्रभाकर पेंढारकरांची १९८१ सालची ‘रारंगढांग’ ही कादंबरी त्यांनी माझ्यासमोर ठेवली. हिमालयात लष्करासाठी रस्ता बांधणाऱ्या तरुण अभियंत्याची ही गोष्ट मी पूर्वी वाचलेली होती, तरी भाच्यासाठी ती मला सुचली नव्हती. तिच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ होती : ‘डोंगराचा कंटाळा असणाऱ्यांनी घेऊ नये.’ पुस्तक चार महिने भाच्याच्या टेबलावर तसेच पडून होते, हेही सांगितले पाहिजे. दिवाळीच्या सुटीत त्याने ते दोन रात्रींत संपवले आणि मधल्या एका रात्री साडेअकराला फोन करून मला ‘ढांग’ या शब्दाचा अर्थ विचारला.

या दुकानाची आवड एकाच वळणाची नाही, याचे श्रेय तेथील सहा जणांच्या सहा वाटांना आहे. काका स्वतः जुन्या आत्मपर लेखनाचे भोक्ते आहेत. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ला त्यांनी लावलेली चिठ्ठी गेल्या दोन वर्षांत मी एकदाही उतरवलेली पाहिली नाही. वरसईचा एक गरीब भिक्षुक दानदक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेत जातो, ऐन धामधुमीत सापडतो, झाशीचा वेढा आतून पाहतो, वाटेत पुन्हा पुन्हा लुटला जातो आणि अखेर आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन परततो, ही हकिकत अनेकांना ऐकून ठाऊक असते. काकांची चिठ्ठी कथानकाविषयी एक शब्दही बोलत नाही. ती फक्त आवृत्तीविषयी बोलते. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली हे पुस्तक प्रथम प्रसिद्ध केले तेव्हा मजकुरावर आपला हात फिरवला होता आणि दत्तो वामन पोतदारांनी पुढे १९६६ साली मूळ लेखनाला धरून आवृत्ती काढली, तेव्हा घेताना दोन्हींतला फरक पाहून घ्यावा, असे त्या पाच ओळींत लिहिले आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयीही त्यांचा हाच आग्रह आहे. मूळ पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाले; संक्षिप्त आवृत्ती हातात घेणाऱ्या ग्राहकाला ते हळूच अडवतात आणि पूर्ण आवृत्ती पुढे करतात. किंमत जास्त पडते, म्हणून काही जण नाराज होतात. मला मात्र काकांचेच पटते, कारण काटछाट करताना नेमके घरातले लहानसहान प्रसंग जातात आणि लक्ष्मीबाईंचा विनोद तर त्या प्रसंगांतच असतो.

पाठीमागे पुस्तकांचे गठ्ठे सोडणारा जो तरुण आहे, तो भयकथा आणि रहस्यकथा यांच्यापलीकडे फारसा जात नाही आणि त्याची त्याला मुळीच खंत नाही. नारायण धारपांची ‘समर्थ’ मालिका आणि बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार व काळापहाड त्याच्या चिठ्ठ्यांवर आळीपाळीने येत असतात. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांचा ‘चांगल्या’ दुकानांत सहसा उल्लेखही होत नाही. येथे त्यांची फळी जी. ए. कुलकर्णींच्या फळीला लागून आहे आणि दोन्हींवरच्या चिठ्ठ्या सारख्याच गांभीर्याने लिहिलेल्या आहेत. हा तरुण मूळचा अमरावतीकडचा असून उद्धव शेळके यांच्या ‘धग’साठी त्याने अपवाद केला आहे. ती चिठ्ठी त्याने वऱ्हाडीत लिहिली आहे : ‘कौतिकची गोष्ट वाचाले घेतली त रात्री झोप येत नाई. दुःख वाचनं जमत नसन त राहू द्या.’ ‘धग’ १९६० साली आली. तिच्याविषयी लिहिलेले मी बरेच वाचले आहे, पण मी ती विकत घेतली ती या दोन ओळींमुळे.

बालविभाग पाहणाऱ्या ताईंचे काम सर्वांत अवघड आहे, कारण त्यांच्याकडे पुस्तक मागणारा एक असतो आणि वाचणारा दुसराच. बहुतेक आजी-आजोबा नातवंडासाठी संस्कारकथा मागतात. ताई त्या देतात, पण त्यांच्या जोडीला माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच मुलाच्याच हातात ठेवतात आणि तो चित्रे पाहत असताना मोठ्या माणसांना दुसरीकडे बोलण्यात गुंतवतात. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवरची त्यांची चिठ्ठी मुलांना उद्देशून आहे आणि ती मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, खालच्या फळीला चिकटवलेली आहे. वाचायची तर माझ्यासारख्याला वाकावे लागते. विज्ञानकथांचा कोपराही त्याच सांभाळतात. जयंत नारळीकरांच्या कथांवरच्या चिठ्ठीत त्यांनी एक जुनी गोष्ट लिहिली आहे : १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना नारळीकरांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव घेतले होते आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून उतरवून घेतली होती. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पुस्तक उघडायला लावण्यासाठी याहून वेगळे काही लिहिण्याची गरज नाही. त्याच फळीवर नंदा खरे यांची ‘उद्या’ आहे, आणि तिच्या चिठ्ठीवर ‘मुलांसाठी नाही, त्यांच्या आईवडिलांसाठी’ असे ठळक लिहिलेले आहे.

आता माझ्या बाबतीत चुकलेल्या शिफारशीविषयी. कथाविभागातल्या दुसऱ्या ताईंनी, ज्या ‘म’ अशी सही करतात, मला जी. एं.चे ‘रमलखुणा’ सुचवले. मी तोवर जी. ए. फक्त पाठ्यपुस्तकात वाचले होते. ‘रमलखुणा’त दोनच दीर्घकथा आहेत आणि त्यांतल्या पहिलीच्या मध्यावर मी थकलो. पुढच्या फेरीत मी ते ताईंना सांगितले. सांगताना उगीचच अपराधी वाटत होते. त्यांनी मला समजावण्याचा किंवा पुस्तकाची बाजू मांडण्याचा प्रयत्न केला नाही. मी कोणत्या पानावर थांबलो, तेवढे विचारले, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘माझंच चुकलं. तुम्हाला आधी “निळासावळा” द्यायला हवं होतं.’ मग त्यांनी फळीवरची चिठ्ठी काढली, गल्ल्यावरचे लाल पेन घेतले आणि निळ्या ओळींच्या खाली लिहिले : ‘जी. एं.ची सुरुवात या पुस्तकाने करू नये.’ चिठ्ठी पुन्हा जागेवर गेली. ‘निळासावळा’ मी घेतले, मग ‘काजळमाया’, आणि सहा महिन्यांनी ‘रमलखुणा’ पुन्हा उघडले तेव्हा मला वाट सापडली. संगणकावर खरेदी करताना ‘हे घेणाऱ्यांनी हेही घेतले’ अशी यादी आपल्यापुढे येते. त्या यादीकडे जाऊन ‘मला हे जमले नाही’ असे सांगण्याची सोय नसते.

तक्रारी दोन आहेत. पहिली म्हणजे चिठ्ठी असते पण पुस्तक नसते, असे वरचेवर घडते. अरुण कोलटकरांच्या ‘भिजकी वही’वरची चिठ्ठी वाचून मी आगाऊ पैसे भरले आणि ‘आठवड्यात मागवून देतो’ या आश्वासनावर सात आठवडे काढले. मधल्या काळात दुकानाकडून एकदाही फोन आला नाही. मी चौकशी केली तेव्हा पैसे लगेच परत मिळाले, त्याविषयी काही म्हणणे नाही, पण मुळात प्रत हाताशी नसताना चिठ्ठी लटकत ठेवणे हे वाचकाला जेवायला बोलावून पानावर नुसते मीठ वाढण्यासारखे आहे. घरपोच सेवेबद्दलही तेच म्हणावे लागेल. मागवलेल्या तीन पुस्तकांपैकी एकाचा कोपरा दुमडलेला होता, कारण पुठ्ठा न घालता केवळ कागदात गुंडाळून ती पाठवली होती.

दुसरी तक्रार आवडीच्या मर्यादेची आहे. तीस चिठ्ठ्यांपैकी कवितेला दोन होत्या : एक कोलटकरांना आणि दुसरी बहिणाबाईंच्या गाण्यांना. नाटकाला एकही नव्हती. ज्या शहरात शनिवार-रविवारी नाटकाला जाणाऱ्यांची एवढी गर्दी असते, तेथील दुकानात महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ कोणालाही सुचवावेसे वाटू नये, याचे मला नवल वाटले. दलित साहित्यातून दया पवारांचे ‘बलुतं’ तेवढे होते. १९७८ सालच्या त्या पुस्तकाचे मोल वादातीत आहे, पण त्यानंतरच्या साडेचार दशकांत लिहिले गेलेले काहीही या सहा जणांच्या वाचनात आले नाही, असा त्याचा अर्थ होतो. काकांना मी हे बोलून दाखवले तेव्हा ते म्हणाले, ‘न वाचता चिठ्ठी लावायची नाही, हा नियम आहे. तुम्ही सुचवा, आम्ही वाचू.’ मी त्यांना चार नावे लिहून दिली. त्यांपैकी दोन आतापर्यंत काकांच्या टेबलावर, पानांत खुणेचा कागद घातलेल्या स्थितीत मी पाहिली आहेत.

सवलतीविषयी लोक विचारतात म्हणून सांगतो : येथे सरसकट दहा टक्के मिळते, त्याहून जास्त मिळत नाही, आणि घासाघीस केलेली काकांना आवडत नाही. ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘छावा’ ही पुस्तके दाराजवळच्या टेबलावर चिठ्ठीशिवाय ठेवलेली असतात, कारण त्यांना कोणाच्या शिफारशीची गरज नाही, असे तेथील सर्वांचे मत आहे. रविवारी संध्याकाळी मात्र जाऊ नये. गर्दीत कोणालाच बोलायला सवड नसते आणि बोलणे झाले नाही तर या दुकानात जाण्यातले निम्मे स्वारस्य उरत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी तीन ते पाच ही वेळ उत्तम.

गेल्या बुधवारी गेलो तेव्हा मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’खालची चिठ्ठी दिसली नाही. ती ‘म’ ताईंची होती आणि त्या फळीवर मी आल्यापासून कधी हललेली नव्हती. विचारल्यावर त्या म्हणाल्या की त्यांना सहावे पुस्तक सुचवायचे आहे आणि उतरवण्यासारखी दुसरी कोणतीच चिठ्ठी त्यांना सापडली नाही. सहावे कोणते, हे त्यांनी सांगितले नाही. शेवटची चाळीस पाने वाचून व्हायची होती. कोरे कार्ड त्यांनी गल्ल्याच्या काचेखाली सरकवून ठेवले होते आणि त्यावर फक्त खालच्या कोपऱ्यात आद्याक्षर घातलेले होते.