‘जर्मन स्टील’चा वस्तरा: पहिला संच मागवण्याआधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरीच वस्तऱ्याने दाढी करायला शिकणारी मुले वाढली आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण धार लावून द्या म्हणून जे वस्तरे आमच्याकडे येतात, त्यांतले बरेच नुसते वस्तऱ्याच्या आकाराचे लोखंड असतात. त्यांना कोणी कितीही धार लावली तरी त्यांनी दाढी होत नाही.

खानापूर भागातल्या एका तरुणाचे प्रकरण सगळ्या फसवणुकीचा नमुना आहे. समाजमाध्यमावरची जाहिरात, किंमत १,८९९ रुपये, पार्सल हातात पडल्यावर पैसे. डब्यात नागमोडी नक्षीचा वस्तरा, त्यावर ‘जर्मन स्टील’ असे कोरलेले, धार सारखी करायचा एक पट्टा, हिरव्या पेस्टची कांडी, दोन बाजूंचा दगड, ब्रश आणि साबण. ‘डब्यातून काढा आणि दाढी करा’ असे जाहिरातीत लिहिले होते. पहिल्याच हाताला केस कापले न जाता ओढले गेले. त्याने पट्ट्यावर घासून पाहिले, मग दगडावर, मग परत पट्ट्यावर. शेवटी हनुवटीवर दोन ठिकाणी कापून घेतले आणि ‘मामा, माझा हातच बसत नाही बघा’ म्हणत वस्तरा घेऊन आला.

हात बसत नव्हता, कारण पाते बोथट होते. धार नीट असेल तेव्हा पाते गालाशी साधारण ३० अंशांत ठेवून, जवळजवळ दाब न देता फिरवायचे असते. बोथट पाते तसे कापत नाही, म्हणून माणूस नकळत कोन वाढवतो, मग दाब वाढवतो, आणि पाते कातडीत शिरते. विकणाऱ्याच्या हे पथ्यावर पडते. गिऱ्हाईक स्वतःलाच दोष देते आणि वस्तू परत करायची मुदत निघून जाते.

आता त्या वस्तऱ्यात काय खोट होती ते पाहू. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकलेली असतात. म्हणजे धारेचा कोन हाताने ठरत नाही, तो पाठीच्या जाडीवर ठरतो. पात्याची रुंदी ५/८ इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, आणि पाठ ४.५ ते ५ मिलिमीटर असेल तर कोन १६ ते १८ अंशांच्या आसपास येतो. ही जागा योग्य. पाठ ३ मिलिमीटरच असेल तर कोन ११ अंशांवर येतो आणि धार इतकी नाजूक होते की तिचे कण उडतात. ७ मिलिमीटर असेल तर कोन २५ अंशांवर जातो आणि केस ओढले जातात. या मुलाच्या वस्तऱ्याची पाठ टोकाकडे पातळ, मुठीकडे जाड होती आणि पाते मध्ये वाकलेले होते. असे पाते दगडावर अर्धेच टेकते, त्यामुळे टोकाला एक धार, मध्ये दुसरी. शिवाय पोलाद मऊ. पट्ट्यावर थोडे फिरवले की धार दुमडते.

ही तपासणी घरी होते. जाड काचेचा तुकडा सपाट जागेवर ठेवा, पाते हलकेच आडवे ठेवा, घासू नका. पाठ आणि धार दोन्ही पूर्ण लांबीला टेकली पाहिजेत. पाते डगमगत असेल किंवा धारेखालून उजेड दिसत असेल तर परत पाठवा. पाठीची जाडी तीन ठिकाणी व्हर्निअरने (बारीक माप घ्यायच्या साधनाने) मोजा. कोणत्याही लेथवाल्याकडे तो असतो. मग वस्तरा हळूच बंद करा. पाते मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध बसले पाहिजे. एका बाजूला घासत असेल तर खिळा तिरका ठोकला आहे, आणि प्रत्येक वेळी बंद करताना धार मरणार.

नक्षीवर भुलू नका. खऱ्या थरांच्या पोलादाची नक्षी पाठीवरून पलीकडच्या बाजूला सलग जाते. छापलेली किंवा आम्लाने वरवर उठवलेली नक्षी पाठीजवळ अचानक थांबते आणि बारीक पॉलिश पेपरने निघून जाते. दुकानदार लोहचुंबक लावून ‘बघा, अस्सल पोलाद’ म्हणतात, तेही फसवे आहे. कार्बन पोलादाला चुंबक चिकटतो आणि स्वस्तातल्या गंजरोधक पोलादालाही चिकटतो. कागद कापून दाखवणेही पुरावा नव्हे. भाजी चिरायची सुरीही कागद कापते.

‘सोलिंगन’ हे पात्यांसाठी नावाजलेल्या जर्मनीतल्या एका शहराचे नाव आहे. पात्यावर ते नाव लावण्यावर तिथे १९३८ पासून कायद्याचे बंधन आहे. बनवण्याचे मुख्य टप्पे त्याच भागात झालेले असावे लागतात. त्यामुळे ‘सोलिंगन स्टील’, ‘जर्मन स्टाइल’ असल्या शब्दांना काडीचीही किंमत नाही. तिथे बनलेला नवा वस्तरा दीड-दोन हजारांत, वर पट्टा आणि ब्रशसह, कधीच मिळत नाही.

संचातल्या बाकीच्या वस्तू तर नुकसानच करतात. हिरव्या कांडीत पॉलिशच्या चाकासाठीचा भरड मसाला असतो, तो धार गोल करतो. संचातला ४०० आणि १,००० नंबरचा दगड (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) हाताशी ठेवायचाच नाही. धार घडवायला १,००० पासून सुरुवात होते खरी, पण पुढे ४,००० किंवा ५,००० आणि ८,००० लागतात आणि शेवटचा हात १२,००० वर. ते शिकायला वेळ लागतो. पट्टा म्हणून बहुतेक वेळा रेक्झिन येते. मागच्या बाजूला कापडाची वीण दिसली किंवा पाण्याचा थेंब वर तसाच उभा राहिला, तर संशय धरा.

आपल्याकडे पट्ट्यासाठी बाहेर बघायची गरज नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातल्या ४ जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही आहेत. अथणी, निपाणीकडच्या कारागिरांकडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले चामडे असते. तळव्याचे जाड, कडक चामडे मागू नका. अडीच ते तीन इंच रुंद, दीड-दोन फूट लांब, सुमारे ३ मिलिमीटर एकसारखी जाडी, गुळगुळीत बाजू, वण किंवा सुरकुती नको. पहिल्या पट्ट्यावर चिरा पडणारच, म्हणून महागडा घेऊ नका. प्रत्येक दाढीआधी ३० ते ६० फेऱ्या, पाठ पुढे आणि धार मागे, वळताना पाठीवरूनच.

जुना वस्तरा हा नवशिक्यासाठी उत्तम मार्ग आहे, पण तिथेही फसवणूक आहे. आरशासारखा चमकणारा ‘जुना’ वस्तरा दिसला की कोरलेली अक्षरे बघा. ती पुसट आणि कडा गोल असतील तर पाते चाकावर जोरात घासलेले आहे. त्या उष्णतेने पातळ धारेचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरते. धारेजवळ पिवळी किंवा निळी झाक दिसली तर हातही लावू नका. धारेला लागून गंजाचे खड्डे असतील तर धार प्रत्येक वेळी खड्ड्यात फुटते. पाठीजवळचे डाग मात्र चालतात. नखाने टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज यावा, बद्द आवाज म्हणजे तडा असू शकतो. सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) मूठ कुजत असेल तर उग्र वास येतो आणि तिच्या वाफेने पाते आतून गंजते.

पहिल्या खरेदीला एवढेच पुरे: ५/८ इंच, गोल टोकाचा, एका जाणकाराने धार लावून दिलेला वस्तरा, पट्टा, ब्रश आणि साबण. दगड नको. वस्तऱ्याच्या पैशांत धार लावण्याचे पैसे धरा, आणि पुन्हा धार कोण लावणार हे आधी विचारा. सलूनमधला अर्धे ब्लेड घालायचा वस्तरा प्रामाणिक आणि स्वस्त आहे, फक्त तो ‘पारंपरिक वस्तरा’ म्हणून हजार रुपयांना विकला जाऊ नये. जाहिरातींच्या व्हिडिओत दाढी बऱ्याचदा त्याच ब्लेडने केलेली असते. आणि खानापूरच्या पावसात कार्बन पोलाद एका रात्रीत गंजते, म्हणून पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल नको, ते चिकट होते.

पार्सल फोडताना सलग व्हिडिओ घ्या आणि डब्यावरचे आयातदाराचे नाव, पत्ता, उत्पादनाचा देश यांचे फोटो ठेवा. ‘वैयक्तिक वापराची वस्तू परत घेत नाही’ असे उत्तर आले तरी थांबू नका. जाहिरातीपेक्षा वेगळी किंवा सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. विक्री संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि १ महिन्यात निवारण द्यायचे असते. ते झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करा. पैसे आधी घेऊन विक्रेता गायब झाला असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० वर. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार देता येते, विक्रेता दिल्लीत असला तरी. रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. वस्तरा दगडावर घासण्याआधीच तक्रार करा. एकदा घासला की ‘ग्राहकाने बिघडवला’ म्हणायला विक्रेता मोकळा.