डिझेल ट्रकला ब्लो-ऑफ वॉल्व्ह बसवला आणि ५२,३०० रुपये घालवले

‘टर्बो वाचेल, ॲव्हरेज वाढेल’ असं म्हणत कुणी तुमच्या डिझेल गाडीला ब्लो-ऑफ वॉल्व्ह, म्हणजे टर्बोच्या पाइपात कोंडलेली हवा बाहेर सोडणारी झडप, बसवायला निघालं, तर गाडी तिथूनच वळवा. मी वळवली नाही. लिहायला लाज वाटते, कारण अकरा वर्षं स्वतःचा ट्रक स्वतः चालवतोय. पण गप्प बसलो तर मला हे किट विकणारा दुकानदार उद्या दुसऱ्या कुणाला तरी गाठेल.

अशा दुकानदारांची रीत तुम्हाला माहीतच आहे, आधी घाबरवायचं आणि मग औषध विकायचं. त्याने केबिन उचलायला लावली, टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, पाइपवर हात ठेवला आणि म्हणाला, “शेठ, तुम्ही पाय काढता तेव्हा कोंडलेली हवा उलटी टर्बोवर आदळते. सहा महिने काढले तरी खूप.” माझे चौदा हप्ते बाकी होते. टर्बो जाणार म्हटल्यावर कुणाच्याही पोटात गोळा येईल. किटचे ११,८०० आणि फिटिंगचे २,७०० असे १४,५०० रुपये तिथेच मोबाइलवरून पाठवले. खातं दुकानाच्या नावाचं नव्हतं, बिलावर ‘किरकोळ साहित्य’ एवढंच लिहिलं होतं. बिलावर वस्तूचं नाव आणि गाडीचा नंबर नसेल तर एक पैसा देऊ नका.

एक क्षण मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, पाइपवर तो निळा चकचकीत वॉल्व्ह बसला, आणि मग पोऱ्याने त्याच्या दोन वायरी केबिनमध्ये ओढून ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली नखाएवढा स्विच लावला. उजेडाला टॉर्च मीच धरली होती. हवेच्या जोरावर उघडणाऱ्या वॉल्व्हला पेडलचा स्विच कशाला? मी विचारलंसुद्धा. “डिझेलला असंच असतं,” तो म्हणाला, आणि मी मान हलवली. तेव्हाच वायर उपटून पैसे परत मागायला हवे होते.

डिझेलला असंच का, ते मला नंतर कळलं. पेट्रोल गाडीत पाय काढला की थ्रॉटलची झडप मिटते, टर्बोने ढकललेली हवा तिच्यावर अडते आणि मागे फिरते. तिला वाट द्यायला हा वॉल्व्ह असतो, आणि झडपेमागे तयार होणाऱ्या व्हॅक्यूमने तो उघडतो. डिझेलमध्ये ताकद इंधन कमी-जास्त करून ठरते. पाय काढला तरी हवेची वाट उघडी असते, इंजिन ती ओढतच राहतं. मग हवा कोंडणार कुठे? काही नव्या डिझेल इंजिनांत झडप असते, पण ती ईजीआरसाठी, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात घ्यायला, आणि इंजिन बंद होताना हिसका बसू नये म्हणून. दाब आवरायला वेस्टगेट (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) किंवा टर्बोतली फिरती पाती कंपनीतूनच येतात. व्हॅक्यूम मिळत नाही म्हणून पेडलला स्विच. पाय काढला की फुस्स करायचं, एवढंच त्याचं काम.

तिसऱ्या आठवड्यात चढाला गाडी काळा धूर ओकू लागली. चेक लाइट लागला, ताकद गेली. स्कॅनरवर पी०२९९ हा कोड आला, म्हणजे बूस्ट, टर्बोच्या हवेचा दाब, कमी. वॉल्व्ह खोलला तर रबरी सील फाटलेलं, बोटाला फट लागत होती. हवा तिथून निसटत होती आणि दाब भरून काढायला टर्बो जास्त पळत होता. टर्बोचा शाफ्ट ढिला होऊन हलू लागला, होजमध्ये ऑइल. टर्बोचे ३४,६०० गेले. मूळ पाइप त्याने कापला होता, त्याचे ३,२००. नऊ दिवस गाडी उभी राहिली, ते भाडं यात धरलेलं नाही. जुना पाइप कापू देऊ नका, काढलेला भाग घरी न्या.

मला त्या ‘फुस्स’ आवाजाची हौस नव्हती. गाडी जपायला गेलो होतो. हे मी घरीही दहा वेळा सांगितलंय.

पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. “पैसे तुम्हीच दिले, वस्तू मिळाली, हा दिवाणी मामला.” आरटीओत तर मलाच मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ऐकवलं. रचनेत बेकायदा बदल केला तर मालकाला १८२-अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, शिवाय तुरुंगवासही होऊ शकतो. ज्याने पाइप कापला त्याच्याबद्दल चकार शब्द नाही! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानदाराने उत्तर दिलं नाही आणि तक्रार बंद. जिल्हा ग्राहक आयोगाच्या खिडकीवरचा माणूस कागद न उघडता म्हणाला, “ट्रक धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहक नाही.” खोटं आहे हे. २०१९ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. एक गाडी आणि चालवणारे आपणच असलो, तर आपण ग्राहक आहोत. मुदत दोन वर्षांची आहे, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. खिडकीवरून परतू नका, पोच घेऊनच या.

मी चौथ्या खेपेला पोच घेतली. तो वॉल्व्ह फाटक्या सीलसकट पिशवीत बांधून ठेवलाय, वायरीला तो स्विच अजून लोंबतोय.