सिटी व्हीटेकवर टर्बो: मेगास्क्वर्ट घ्यावा की लिंक?

मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) तसाच ठेवून त्याचे सिग्नल बदलणाऱ्या पिगीबॅक पेटीचा विचार डोक्यात असेल तर तो आधी काढून टाका. 2000 सालच्या आसपासच्या होंडा सिटी व्हीटेकचा मूळ ईसीयू बूस्टसाठी, म्हणजे टर्बोने ठासून भरलेल्या हवेच्या जादा दाबासाठी, बनलेलाच नाही. मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या बराच वर गेला की त्याचे हिशेब संपतात. त्याला रोज नवी थाप मारत बसण्यापेक्षा त्याच्या जागी सरळ स्टँडअलोन, म्हणजे स्वतंत्र ईसीयू लावावा. मेगास्क्वर्ट आणि लिंक हे तसलेच दोन. थ्रॉटल केबलचा आहे, इलेक्ट्रॉनिक नाही, म्हणजे निम्मी कटकट तिथेच वाचते.

माझ्या गाडीत आधी मेगास्क्वर्ट-2 होता, 3.0 बोर्डाचा. आता लिंकचा जी4एक्स मॉन्सून आहे. दोन्हींवर गाडी ऑफिसलाही गेली आहे आणि घाटातही. त्यामुळे पुढचं सगळं एका गाडीच्या अनुभवावरचं आहे, डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावरचं नाही.

मेगास्क्वर्टबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी तो आखला तोच मुळी हातात सोल्डरिंग गन धरणाऱ्या माणसासाठी. 3.0 बोर्डावरचे सुटे भाग जुन्या पद्धतीचे, पाय आरपार जाणारे. एखादा ट्रान्झिस्टर गेला तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून नवा आणायचा आणि रात्री घरी बसवायचा. बोर्डावरचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) 250 किलोपास्कलपर्यंत वाचतो, म्हणजे साधारण दीड बार बूस्ट. आपल्या इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड त्याच्या खूप आधी हात टेकतील. टर्बो इंजिनाला इंधन आणि टायमिंग कसं लागतं हे मला याच पेटीने शिकवलं. लिंकने शिकवलं नसतं, कारण त्यात डोकं खुपसायची वेळच फारशी येत नाही.

लिंक महाग आहे, कस्टम्स धरल्यावर तर फारच. कंपनी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चची. पेटी बिघडली तर उघडून आपण काही करू शकू असं त्यात नाही. मात्र पीसीलिंक हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तर मेगास्क्वर्टच्या ट्यूनरस्टुडिओमध्ये गाडी चालवता चालवता इंधनाचा तक्ता सुधारून घ्यायची सोय पैसे भरल्यावरच उघडते. दुसरं म्हणजे इंजेक्टर. मेगास्क्वर्ट-2 ते दोन गटांत उडवतो, मॉन्सून चारही वेगवेगळे. मोठे इंजेक्टर टाकलेत आणि सिग्नलला एसी चालू असेल, तर माझ्या कानाला तरी फरक कळतो. दुसऱ्याला कळेलच असं नाही.

पण यातल्या कशामुळेही मी पेटी बदलली नसती. बदलली ती डिस्ट्रिब्युटरमुळे.

आपल्या इंजिनात क्रँकचा सिग्नल डिस्ट्रिब्युटरमधल्या चुंबकीय सेन्सरकडून येतो आणि इग्निशन कॉइलही त्याच डब्यात बसलेली असते. स्टार्टर फिरतो तेव्हा या सेन्सरचा सिग्नल अगदी किरकोळ असतो. आरपीएम वाढतं तसा तो कितीतरी पटींनी वाढतो आणि त्याच्याबरोबर कॉइलचा गोंगाटही वाढतो. खरा सिग्नल कुठला आणि गोंगाट कुठला, हे ठरवायला पेटीला एक उंबरठा लागतो. मेगास्क्वर्टच्या बोर्डावर तो ठरतो दोन छोट्या प्रीसेटने, म्हणजे स्क्रूसारख्या फिरवायच्या रेझिस्टरने. झाकण उघडायचं, बारीक स्क्रूड्रायव्हर घालायचा, अंदाजाने फिरवायचं. आकडा नाही, खूण नाही. एकीकडे जास्त फिरला की सकाळी गाडी उठत नाही. दुसरीकडे गेला की वरच्या आरपीएमला सिंक (क्रँक कुठे आहे याचा पेटीला असलेला अंदाज) जातं आणि खंबाटकीच्या चढावर बूस्ट ऐन भरात असताना गाडीला उचकी लागते.

दोष बोर्डाचा नव्हता, हे स्पष्ट सांगतो. एका गॅरेजमध्ये हार्नेस (वायरींचा जुडगा) जोडताना सेन्सरच्या वायरची शिल्ड अर्थला न लावता तशीच सोडली होती. पण ते कळणार कसं? ट्यूनरस्टुडिओचा लॉगर दाखवतो ते सेन्सरसमोर फिरणाऱ्या चाकाचे पेटीने मोजलेले दात, सेन्सरकडून आलेली मूळ लाट नाही. ती बघायला ऑसिलोस्कोप हवा, आणि तो घाटात कोण नेणार? पीसीलिंकमध्ये ट्रिगर स्कोप आहे. बटण दाबलं की लाट जशीच्या तशी पडद्यावर दिसते. कॉइल उडण्याच्या क्षणाला उमटणारे काटे बघितले आणि शोध संपला. शिवाय उंबरठा कुठल्या आरपीएमला किती व्होल्ट, हे लॅपटॉपवर तक्त्यात टाइप करता येतं. तीच शिल्ड नीट लावल्यावर जुनी पेटीही बहुधा सुधारली असती. फक्त तिने मला ते दाखवलं नसतं.

कोणी म्हणेल, मग एमएस3 (मेगास्क्वर्टची पुढची पिढी) घ्या की. जोडीला एमएस3एक्स हे जादा कार्ड घेतलंत तर चारही इंजेक्टर वेगळे होतील हे खरं, पण एमएस3 3.0 बोर्डावर बसवलंत तर प्रीसेट तिथेच राहतात. क्रँक पुलीवर 36-1 चं (36 दातांतला एक गाळलेलं) चाक आणि आरपीएम कितीही असलं तरी सारखाच सिग्नल देणारा हॉल सेन्सर लावायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. मग मेगास्क्वर्टविरुद्धची माझी मुख्य तक्रारच उरत नाही, आणि टायमिंग बेल्टच्या ढिलाईने इग्निशन हलतं तेही थांबतं. सोल्डरिंगची आवड आहे आणि गाडी फक्त रविवारची आहे, अशा माणसाने खुशाल तो मार्ग धरावा.

ई20 साठी (20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी) दोन्ही चालतात. इंधन थोडं जास्त द्यावं लागतं, कारण त्याचं हवा-इंधनाचं योग्य प्रमाण 14.7 ऐवजी साडेतेराच्या आसपास येतं. आकडे लॅम्डात (कुठल्याही इंधनाचं योग्य प्रमाण म्हणजे 1) बघायची सवय लावून घेतलीत तर गोंधळ होत नाही. मिश्रण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरचा कंट्रोलर मात्र दोन्हीकडे वेगळा घ्यावा लागतो. तो खर्च आधीच धरा.

ऑर्डर देण्यापूर्वी आउटपुट मोजा: व्हीटेकचा सोलेनॉइड, आयडलचा व्हॉल्व्ह, बूस्टचा सोलेनॉइड, पंखा, एसी, फ्युएल पंप, टॅको (आरपीएमचा काटा). मेगास्क्वर्ट-2 मध्ये यांतल्या काहींसाठी बोर्डावर जादा ट्रान्झिस्टर बसवावे लागतात. मॉन्सूनला इग्निशनचे चार आउटपुट आहेत आणि डिस्ट्रिब्युटर ठेवलात तर लागतो एकच. उरलेल्या तिघांवर रिले चालवता येतात, त्यामुळे केवळ आउटपुटसाठी वरचं महाग मॉडेल घ्यायची गरज पडत नाही.