शंभरातल्या बावीस नोटा

आमची कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाची पेढी आहे. वडिलांनी सुरू केली, गेली तीस वर्षं मी बघतो. हे आधीच सांगतोय ते मिरवायला नाही. पुढं जे घडलं ते नोटा मोजता न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत घडलं, असं कुणी समजू नये म्हणून. हंगामात सौदे सुरू झाले की दिवसभर या बोटांखालून नोटाच जात असतात. चिकटवलेली, कोपरा गेलेली, मधेच उलटी लागलेली नोट मला न बघता कळते. गुळाच्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, अंगठा दाबून माल कसा आहे ते सांगणारी माणसं आम्ही. आणि मला बाली बेटावर, कुटाच्या किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत, एका पंचविशीतल्या पोरानं भर उजेडात, नोटा मोजूनच फसवलं.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून गेलो होतो. जुलै निवडला, कारण तेव्हा गुळाचा हंगाम नसतो आणि तिकडं त्या दिवसांत पाऊस नसतो. इकडं पंचगंगा पात्राबाहेर पडलेली. पोरगा रोज फोनवर राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी फुटांत सांगायचा आणि आम्ही दोघं चपला हातात घेऊन कोरड्या वाळूत उभं राहून ऐकायचो. पहिले चार दिवस उबुदला, भाताच्या खाचरांत. शेवटचे तीन कुटाला, समुद्रावर.

तिथल्या पैशाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. चलन रुपिया. आम्ही गेलो तेव्हा आपल्या एका रुपयाला साधारण १९० रुपिया पडत होते. विमानतळावर उतरल्या उतरल्या व्हिसालाच माणशी पाच लाख मोजले. पर्यटकांचा वेगळा कर दीड लाख. शहाळ्याला हजारोंच्या नोटा. पहिले दोन दिवस गंमत वाटते, मग डोकं शून्यांचा नाद सोडून देतं. सगळ्यात मोठी नोट एक लाखाची, लाल. त्याखालची पन्नास हजारांची, निळी. या दोन रंगांकडं लक्ष असू द्या.

डॉलर इथूनच रीतसर घेऊन गेलो होतो, कोऱ्या शंभराच्या नोटा, कारण चुरगळलेल्या नोटेला तिकडं दर कमी देतात हे ऐकलं होतं. उबुदला असताना काचेचं दार असलेल्या, परवाना लावलेल्या दुकानात दोनदा बदलले. यंत्रानं मोजून दिले, छापील पावती दिली. काही त्रास नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सूर्य बुडताना बघून परत येत होतो. पाय वाळूनं भरलेले, हिच्या हातात मक्याचं कणीस. शेवटचे दोन दिवस, गाडीवाल्याचे द्यायचे, उलुवातूचं देऊळ बघायला जायचं, घरच्यांना काहीबाही घ्यायचं, म्हणून तीनशे डॉलर बदलायचे होते. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाच्या फळ्यावर दर होता १६,२५०. गल्लीत शिरलो तर एका सारोंगच्या, म्हणजे तिकडच्या लुंग्यांच्या, दुकानाबाहेर पाटी, १६,७००. खाली मोठ्या अक्षरांत ‘नो कमिशन’.

ही म्हणाली, “अहो, त्या एसीवाल्या दुकानातच करू की.”

“अगं, दराला साडेचारशेचा फरक आहे.”

आता सांगायला लाज वाटते. यार्डात कुणी बाजारापेक्षा चढा भाव देतो म्हणाला तर शेतकरी आधी त्याचा काटा बघतो. मी स्वतः पोराला हे शिकवलंय. आणि फरक केवढ्याचा होता? तीनशे डॉलरवर एक लाख पस्तीस हजार रुपिया. ऐकायला केवढं वाटतं! आपले सातशे रुपये.

दुकानाच्या उंबऱ्यात नारळाच्या पात्यांची इवलीशी परडी ठेवलेली, आत ताजी फुलं, बाजूला उदबत्ती. चनांग सारी म्हणतात तिला, बालीत घरोघरी, दुकानोदुकानी रोज ठेवतात. मी पाय चुकवून आत गेलो. मनात आलं, देवाला एवढं करणारा माणूस सरळच असणार. आपल्याकडं गल्ल्यावर गणपती असतो म्हणून काय सगळे काटे बरोबर असतात?

कापडांच्या मागं, अगदी आत, छातीएवढ्या उंचीचं काउंटर. एक पोरगा आत, एक बाहेर स्टुलावर. आतल्यानं कॅल्क्युलेटर फिरवून दाखवला, पन्नास लाख दहा हजार. बरोबर होतं, मी आधीच मनात केलं होतं. लाल नोटा नाहीत म्हणाला, फक्त निळ्या. वीस-वीस नोटांचे पाच ढीग काउंटरवर मांडले, प्रत्येक दहा लाखांचा, आणि वर दहा हजारांची एक जांभळी. म्हणजे शंभर निळ्या नोटा. मोठ्या नोटा असत्या तर पन्नासच झाल्या असत्या. शंभर का दिल्या, हे मला तेव्हा सुचलं नाही.

“चेक, बॉस,” म्हणाला.

मी मोजल्या. पहिला ढीग वीस. दुसरा वीस. तिसरा वीस. चौथा एकोणीस.

परत मोजला. एकोणीसच. मी नुसतं बोट वर केलं. पोराचा चेहरा पडला. “सॉरी बॉस, सॉरी सॉरी.” खणातून एक नोट काढून त्यानं त्या ढिगावर ठेवली. मी हिच्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं. बघितलंस, पंचवीस वर्षं कुणाबरोबर संसार केलास, असलं काहीतरी त्यात होतं. पाचवा ढीग मोजला, वीस.

मग त्यानं पाचही ढीग आपल्याकडं ओढले, दोन्ही हातांत धरले, काउंटरच्या कडेवर टक टक आपटून सरळ केले. त्याच वेळी स्टुलावरच्यानं विचारलं, “इंडिया? शाहरुख खान!” मी हसलो. हिला त्यानं एक निळा सारोंग उलगडून दाखवला. दोन, फार तर तीन सेकंद. आतल्यानं गड्डीला रबर लावून माझ्या हातात दिली, मी पुढं केलेले डॉलर उचलले. मी गड्डी खिशात घातली. पावती मागायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. मोजून घेतलं होतं ना!

रात्री खोलीवर ही पाकिटं करत बसली. घरी भिशीचे पैसे करते तशी. गाडीवाल्याचं एक, लाँड्रीचं एक, उलुवातूचं एक, खरेदीचं एक. मी पलंगावर पडून पोराशी फोनवर बोलत होतो. कोल्हापुरात अडीच तास आधीची वेळ, पोरगा नुकताच यार्डातून घरी आलेला.

“अहो, एक पाकीट होईना.”

“मोज नीट.”

“दोनदा मोजलं. मी मोजते की परत.”

तिसऱ्यांदा मोजून तिनं गड्डी माझ्यापुढं धरली. मी मोजली. अठ्ठ्याहत्तर. चादर झाडली, पिशवी उलटी केली, खिसे चाचपले. अठ्ठ्याहत्तर. बावीस नोटा गेल्या होत्या. अकरा लाख रुपिया, आपले पावणेसहा हजार. रकमेनं काही घर बुडत नव्हतं. पण मला रात्री झोप लागली नाही, ती पैशासाठी नव्हे. कुठल्या क्षणी गेल्या तेच सापडेना. प्रत्येक ढीग मीच मोजला होता.

ते सकाळी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या पोरानं दाखवलं. त्यानं पूर्ण ऐकूनसुद्धा घेतलं नाही. “एक नोट कमी निघाली होती का?” एवढंच विचारलं. मग नाश्त्याच्या कुपनांची चवड घेतली आणि मला समोर उभं केलं. अंगठे वर, चार-चार बोटं खाली. चवड टेबलाच्या कडेवर आपटायची. आपटताना खालची बोटं सैल सोडायची, तळातली कुपनं सरळ मांडीवर. मला समोरून काही दिसलं नाही. दिसणारच नव्हतं, काउंटर छातीएवढं उंच त्यासाठीच असतं आणि आतल्या बाजूला खण उघडा असतो. टक टक आवाज नोटा सरळ करण्याचा नसतो, पडणाऱ्या नोटांचा आवाज झाकायचा असतो. नोटा लहान आणि पुष्कळ दिल्या म्हणजे गड्डी जाड होते, त्यातून वीस-पंचवीस गेल्या तरी हाताला पटकन कळत नाही.

आणि ती विसावी नोट. मी ती चूक समजत होतो. ती तुम्हाला सापडावी म्हणूनच काढून ठेवलेली असते. न मोजणाऱ्याच्या गड्डीतून ते सरळ काढून घेतात, मोजणाऱ्यासाठी ही सोय. चूक पकडली की माणूस खूश होतो आणि खूश झालेला माणूस परत मोजत नाही. शिवाय ढीग स्वतःकडं ओढायला त्यांना निमित्त मिळतं. माझ्या मोजण्यावरच त्यांचा धंदा चालला होता.

हॉटेलचा तो पोरगा माझ्याबरोबर गल्लीत आला. परडी ताजी होती, उदबत्ती नवी. काउंटरवर तिसराच कोणीतरी. कालचा? “भाऊ माझा. जावाला गेला.” जावा म्हणजे शेजारचं बेट, एका रात्रीत! हॉटेलच्या पोरानं त्यांच्या भाषेत बराच वेळ वाद घातला. समोरच्यानं शांतपणे एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हटला. पावती. ती नव्हती. पोलिसांत चला, मी येतो, असंही पोरगा म्हणाला, आणि मी नको म्हटलं. उरलेला दीड दिवस चौकीत घालवायचा नव्हता असं तेव्हा सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तिथं मला कुणीतरी विचारलं असतं, तुम्ही काय करता?

जायला हवं होतं. रात्रीच्या रात्री, रबर लावलेली गड्डी हातात घेऊन, चार माणसांच्या देखत काउंटरसमोर ठाण मांडून बसायला हवं होतं.

पैसे कमी पडले म्हणून एटीएम गाठलं, ते मात्र बँकेच्या आतलं, एवढी अक्कल तोवर आली होती. तिथंही अर्धवटच. पडद्यावर विचारतात, रक्कम आत्ताच रुपयांत बदलून हवी का? त्यांच्या दरानं. नको म्हटलं तर आपली बँक आपल्या दरानं लावते आणि ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं. मी घाईत हो दाबलं. घरी स्टेटमेंट आल्यावर आणखी थोडे गेलेले दिसले. त्याची मी घरात वाच्यता केली नाही, ही वाचेल तेव्हा कळेल.

पैसे बदलायचेच झाले तर दुकानावर ‘पीव्हीए बेरीझिन’ अशी बँक इंडोनेशियाच्या परवान्याची खूण बघा. पीव्हीए म्हणजे परकीय चलनाचा व्यापारी, बेरीझिन म्हणजे परवानाधारक. नुसतं ‘ऑथोराइज्ड’ कुणीही रंगवून घेतं. दुसऱ्या मालाच्या दुकानात मागच्या बाजूला मांडलेलं काउंटर दिसलं की तिथूनच परत फिरा. लाल नोटा मागा. आणि सगळ्यात शेवटी मोजणारे हात आपले असले पाहिजेत. तुम्ही मोजल्यावर नोटांना त्याचं बोट जरी लागलं तरी तो हिशेब रद्द, पुन्हा पहिल्यापासून. तो चिडला, वैतागला, तर डॉलर घेऊन बाहेर पडायचं. डॉलर तोवर आपल्याच मुठीत ठेवा, मी ते आधीच पुढं केले होते. पावती नाही देत म्हणाला तर एक शब्द न बोलता निघा.

शेवटच्या संध्याकाळी उलुवातूला गेलोच. समुद्रात घुसलेला उंच कडा, टोकावर देऊळ, आणि उघड्यावर तो केचक नाच. पन्नास-साठ पुरुष गोल बसून नुसत्या तोंडानं चक चक चक करतात आणि मध्ये रामायण चालतं. हिला हनुमान फार आवडला. देवळाच्या वाटेवर खऱ्या वानरांनी मात्र हिचा चष्मा पळवला. कठड्यावर बसून ते वानर काडी चावत होतं. तिथल्या माणसानं फळं पुढं केली. वानरानं बघितलं, चष्मा दिला, फळं घेतली. ही चष्मा पुसत म्हणाली, “तुमच्या त्या गल्लीतल्यापेक्षा हा बरा. घेतलं ते परत तरी दिलं.” दोन दिवसांत या विषयावर तिनं काढलेलं ते पहिलं वाक्य.

घरी आल्यावर रोज रात्री दार लावून मी तो हात शिकलो. आठ-दहा दिवसांत जमायला लागलं. मग एके दुपारी पेढीवर दिवाणजींना बोलावलं. वडिलांच्या वेळेपासूनचे, सत्तरी ओलांडलेले. शंभराच्या शंभर नोटा त्यांच्याकडून मोजून घेतल्या, माझ्याकडं ओढल्या, गादीपुढच्या डेस्कच्या कडेवर टक टक केलं आणि गड्डी त्यांच्या हातात दिली. बावीस माझ्या मांडीवर होत्या. त्यांना काहीही दिसलेलं नव्हतं.

दिवाणजींनी मोजली नाही. पानाची चंची बाजूला ठेवली आणि गड्डी तळहातावर घेऊन दोनदा वरखाली केली.

“हलकी लागत्या की ओ मालक,” म्हणाले.