एअर पिस्तुलानंतर पॉइंट टू-टू: कोणतं घ्यावं, आणि घ्यावं का?

ठाणे-नवी मुंबईत पिस्तूल नेमबाजी शिकणाऱ्या बहुतेकांची सुरुवात दहा मीटरच्या एअर पिस्तुलाने होते. हात स्थिरावला, एक-दोन राज्य स्पर्धा झाल्या की पुढचा प्रश्न येतोच: आता पॉइंट टू-टू (म्हणजे .२२ इंची काडतुसाचं पिस्तूल) घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कुठलं? चर्चा लगेच कंपन्यांच्या नावांवर जाते. मला वाटतं, कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी यावं. आधी तुमचा इव्हेंट (स्पर्धाप्रकार), मग तुमचा तळहात आणि मग तुमच्या क्लबला नियमित मिळणारी काडतुसं.

पण त्याच्याही आधी, एअर सोडून पुढे जायचं का हे ठरवा. ४.५ मिमी व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. .२२ म्हणजे अग्निशस्त्र. त्याला परवाना हवाच. ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगरकरांनी ठाणे पोलीस आयुक्तालयात अर्ज करायचा, वाशीपासून पनवेल-उरणपर्यंतच्या लोकांनी नवी मुंबई आयुक्तालयात, आणि शहापूर-मुरबाडकडच्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात. स्वतःच्या नावावर शस्त्र घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. बारा वर्षांवरच्या मुलांना प्रशिक्षणापुरतं, देखरेखीखाली ते चालवता येतं.

मग प्रश्न रेंजचा. दहा मीटरची रेंज शाळेच्या हॉलमध्येही उभी राहते. पंचवीस मीटरची तशी राहत नाही. आपल्याकडून वरळीची रेंज गाठायची, नाहीतर थेट पुण्याचं बालेवाडी. घोडबंदर रोडवरून वरळीला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. म्हणून स्पष्टच सांगते: आठवड्यातून एकदाही पंचवीस मीटरच्या फायरिंग पॉइंटवर उभं राहणं जमणार नसेल, तर इतक्यात .२२ घेऊ नका. तो पैसा चांगल्या एअर पिस्तुलात घाला. रोजचा सराव त्यावरच होणार आहे. आणि एअर काही खालची पायरी नव्हे. मनू भाकरने पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये दोन्ही कांस्यपदकं दहा मीटरवर मिळवली आणि पंचवीस मीटरमध्ये ती चौथी आली. उलट कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते पंचवीस मीटरवर.

दोन्हींतला फरक हाताला लगेच कळतो. ट्रिगर ओढायला लागणारा जोर एअरमध्ये किमान ५०० ग्रॅमचा, पंचवीस मीटरच्या .२२ चा किमान १००० ग्रॅमचा. एअरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं, पंचवीस मीटरच्या प्रिसिजन (सावकाश नेम धरून मारायच्या) लक्ष्यावर ५० मिमीचं आणि रॅपिडच्या (झटपट मारायच्या) लक्ष्यावर १०० मिमीचं. आकडे ऐकून .२२ सोपं वाटेल. पण दुप्पट जड ट्रिगर, धक्का, आवाज आणि डोक्यावर घड्याळ, हे सगळं एकदम अंगावर येतं.

इव्हेंटपासून सुरुवात करायची ती या घड्याळामुळेच. महिलांच्या २५ मीटर पिस्तुलात ३० गोळ्या प्रिसिजनच्या आणि ३० रॅपिडच्या. रॅपिडमध्ये लक्ष्य ३ सेकंद दिसतं, ७ सेकंद जातं, आणि दर वेळी एकच गोळी. त्यामुळे झाडल्यानंतर साइट (नेम धरायची खूण) किती पटकन जागेवर येते याला फार महत्त्व नाही. हात खालून वर येताना साइट सरळ डोळ्यासमोर येते का, हे महत्त्वाचं. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये मात्र पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आधी ८ सेकंदांत, मग ६, मग ४. तिथे नळी जितकी वर उडेल तितकं तुमचं नुकसान. स्टँडर्ड पिस्तूल या दोन्हींच्या मधलं: पाच गोळ्यांना १५०, २० आणि १० सेकंद.

आता घडण. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, पिस्तुलांत दोन घराणी आहेत. पहिल्यात मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) ट्रिगरच्या पुढे बसतं: इटलीचं पार्डिनी एसपी, जर्मनीचं वॉल्थर जीएसपी. दुसऱ्यात मॅगझिन ग्रिपमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीतच: हॅमर्लीचं जुनं २०८एस, फाइनवेर्कबाऊचं एडब्ल्यू ९३.

मॅगझिन पुढे असलं की वजन पुढे सरकतं, पिस्तूल नाकाकडे जड लागतं आणि धरलेली जागा सहसा सोडत नाही. शिवाय ग्रिप मोकळी राहते. तिचा कोन, जाडी, बोटांचे खाचे हवे तसे घडवता येतात. पार्डिनीची नळी हाताच्या अगदी जवळ, खाली बसते, म्हणून उसळी कमी. रॅपिड फायरच्या लाइनवर हे पिस्तूल इतकं दिसतं त्याचं कारण हेच. पण खांद्यात ताकद कमी असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला हेच पुढचं वजन चाळिसाव्या गोळीनंतर खाली ओढू लागतं. ग्रिपमध्ये मॅगझिन असलेल्या पिस्तुलाचा तोल मुठीत राहतो आणि ते लवकर वर येतं. मात्र मॅगझिनमुळे ग्रिप एका मर्यादेखाली बारीक करता येत नाही. लहान तळहाताच्या मुलांचं पहिलं बोट मग ट्रिगरवर सरळ न पडता तिरकं पडतं आणि गोळ्या एका बाजूला जाऊ लागतात. रॅपिड फायर करायचं ठरलेलं असेल तर मी बिनदिक्कत पहिलं घराणं सांगेन. महिलांच्या इव्हेंटसाठी आधी दोन्ही हातात धरून, पूर्ण साठ गोळ्या मारून पाहा.

रुगर मार्क ४, स्मिथ अँड वेसन मॉडेल ४१ या अमेरिकन पिस्तुलांची नावंही ऐकू येतात. ती टिकाऊ आणि साधी आहेत, प्लिंकिंगला, म्हणजे मौजेखातर डबे-बाटल्या पाडायला, उत्तम. पण आंतरराष्ट्रीय नियमांत नळी १५३ मिमीपेक्षा लांब चालत नाही, दोन साइटमधलं अंतर २२० मिमीपेक्षा जास्त नको, वजन १४०० ग्रॅमच्या आत हवं आणि पिस्तूल ३०० × १५० × ५० मिमीच्या पेटीत बसायला हवं. मॉडेल ४१ ची सात इंची नळी साधारण १७८ मिमीची, म्हणजे ती इक्विपमेंट कंट्रोललाच (स्पर्धेआधीच्या शस्त्रतपासणीलाच) अडकेल. स्पर्धा खेळायची असेल तर या वाटेने जाऊ नका.

ट्रिगर यांत्रिक घ्यावा की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक ट्रिगर ओढताना तो सुटण्याचा क्षण फार स्वच्छ असतो, यात शंका नाही. पण तो बिघडला तर सुटा भाग आणि जाणकार हात दोन्ही जवळ लागतात. टोकियो ऑलिंपिकला दहा मीटरच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि फायनल हुकली. तेही संपूर्ण संघ सोबत असताना. पहिल्या .२२ साठी मी यांत्रिकच सांगेन.

काडतुसांकडे नवखे फार कमी लक्ष देतात. .२२ हे रिमफायर काडतूस, म्हणजे त्यात ठिणगीचा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला असतो. तो सगळीकडे सारखा पसरला नसेल तर पिन बसूनही काडतूस पेटत नाही, म्हणून मसाला मध्यभागी असलेल्या सेंटरफायरपेक्षा मिसफायर जास्त. असं झालं तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मगच स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे घ्या. मॅच पिस्तुलांच्या स्प्रिंगा स्टँडर्ड व्हेलॉसिटी (साधारण वेगाच्या) काडतुसांसाठी असतात. हाय व्हेलॉसिटीने स्लाइडला नाहक मार बसतो. तुमचा क्लब वर्षभर जो ब्रँड पुरवू शकतो, त्यावर जे पिस्तूल अडत नाही, ते तुमचं. गोळी उघड्या शिशाची असते, तेव्हा सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही.

आपल्या खाडीकाठच्या हवेत आणखी एक काळजी. जून ते सप्टेंबर पिस्तूल फोमच्या पेटीत बंद ठेवलं की फोम ओल धरतो आणि गंज चढतो. सिलिका जेल ठेवा, नळीला तेलाचा पातळ हात द्या. अक्रोडाची ग्रिप पावसाळ्यात किंचित फुगते. कानस लावायची तर पाऊस सरल्यावर लावा.

परदेशी पिस्तूल आयात करायची सवलत नेमबाजाच्या कामगिरीवर अवलंबून असते, त्यामुळे पहिलं पिस्तूल बहुधा क्लबचं किंवा एखाद्या सीनियरकडून घेतलेलं असतं. जुनं घेताना तुमच्याच काडतुसांच्या निदान पन्नास गोळ्या मारून किती वेळा अडलं ते मोजा, ट्रिगरला १००० ग्रॅमचं वजन लावून पाहा, एक्स्ट्रॅक्टरची (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या भागाची) नखी आणि चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) कड भिंगातून तपासा, सगळी मॅगझिनं एकेक करून चालवा. सुटे भाग कुठून येतात हे विकणाऱ्यालाच विचारा. आणि आयुक्तालयाची परवानगी हातात पडेपर्यंत ना पूर्ण पैसे द्या, ना पिस्तूल घरी आणा.